सरांच्या नावाचा मासा

३ ऑगस्ट
हिंगण्याच्या तळ्यातून आणून मी स्पिरिटमध्ये ठेवलेले किलीफिश, म्हणजे बोटभर मासे, सरांनी आज दोन बाटल्यांत वेगळे केले. पट्टेवाले इकडे, बिनपट्टेवाले तिकडे. पट्टेवाली म्हणे नवीन प्रजाती. तिला स्वतःचंच नाव दिलं तर लोक हसतात, म्हणून ते पुण्यकर्म विद्यार्थ्याने करायचं असतं. ते माझे पीएचडीचे गाइड, म्हणजे विद्यार्थी मी. "नाव तूच सुचव," म्हणाले, आणि आपल्या आडनावाचं लॅटिन रूप आपणच सांगितलं. वर लाजलेसुद्धा.

७ ऑगस्ट
पट्टेवाल्यांची पोटं फाडली. सगळ्यांत अंडी. बिनपट्टेवाल्यांत एकातही नाही. एकाच माशाच्या नर-मादीच्या दोन प्रजाती केल्या या माणसाने! स्पिरिटमध्ये नराचे रंग उडतात, मादीचे पट्टे तेवढे राहतात. तळ्यावर एकदा आला असता तर दिसलं असतं. पण चिखलात बूट खराब होतात ना.

८ ऑगस्ट
विचारलं, "सर, पट्टेवाल्यांचे नर कुठे आहेत?"
"भेटतील पुढे. तू काहून वाकड्यात शिरून राहिली?"
मग नमुने फाडले म्हणून सगळ्यांसमोर झापलं. घरात कोणी शिकलेलं नसलं की असंच, हेही ऐकवलं. बाबा कंपनीत शिफ्ट करून मला शिकवतात अन्... जाऊ दे. मी वर "सॉरी सर" म्हणून आले. जास्त राग त्या सॉरीचाच येतोय.

११ ऑगस्ट
डिपार्टमेंटमध्ये नव्या प्रजातीचे पेढे. पेपर छापून यायचाय, अन् लग्नाआधीच बारसं. प्रणिताही सरांकडेच पीएचडी करते. कानात म्हणाली, "टाकून दे वं त्याईचं नाव पेपरात. थिसिसवर सही घे अन् मोकळी हो." पेढा खाल्ला. चांगला होता मेला.

१४ ऑगस्ट
सरांनी आज स्पष्टच सांगितलं. सोमवारी पेपर तयार पाहिजे, त्यांच्या नावाच्या प्रजातीसकट. तरच थिसिसवर सही. नाहीतर दुसरा गाइड शोध. इतक्या वर्षांनी!

रविवार
बेसा भागातल्या आमच्या घरी टबात त्याच तळ्यातली एक जिवंत पट्टेवाली अन् एक बिनपट्टेवाला सोडून ठेवले होते. आज शेवाळावर अंडी. आई वाकून बघत म्हणाली, "अंडे देल्ले वं तुह्या मासोळीनं. सराले दाखव ना."
पिल्लांतल्या माद्या पट्टेवाल्या अन् नर बिनपट्टेवाले निघाले की सरांची प्रजाती बुडाली. पण पट्टे कळायला महिने जातील. सही उद्या आहे. पेपर समोर उघडा आहे, फक्त नावाची जागा तेवढी रिकामी. आई जेवायला बोलावतेय.