सहाव्या गाण्यातली मोकळी जागा

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, म्हणजे एक तर तुझा राग निवळलाय किंवा चष्मा हरवलाय. चिमणीचा फोन आला होता. आपल्या तिघींच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत बारीक आवाज तिचा, पण बातम्या सगळ्यांत मोठ्यानं तीच सांगते. तू घर बदलतेयस आणि तुझ्या एकटीच्या अल्बमच्या उरलेल्या सीडींची दोन खोकी रविवारी भंगारात जाणार आहेत, असं कळलं. हे सांगताना तू म्हणे हसत होतीस. तुझं ते हसणं मला चांगलं ठाऊक आहे. दात काढून घ्यायला गेलो होतो तेव्हाही तू तशीच हसत होतीस.

खोकी टाकू नकोस. कारण सांगते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी थोडं पाल्हाळ.

माझं सलून झकास चाललंय. मागच्या महिन्यात तिथल्या रेडिओनं मान टाकली. खुर्चीत गणिताच्या निवृत्त बाई, केसांना रंग लावायला आलेल्या. गाणं नसलं की त्या मला संसारावर सल्ले देतात, म्हणून मी घाईघाईनं कर्लरच्या खणात हात घातला आणि तुझी सीडी हाताला लागली. वरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. हो, सोळा वर्षं मी ते फोडलंच नव्हतं. आता जरा बस, पाणी पी आणि मग पुढे वाच.

तू ती पाठवलीस तेव्हा सोबत चिठ्ठी होती, कशी झालीय ते सांग म्हणून. मी उलट टपाली एकच शब्द लिहिला, ‘छान’. आपल्या तालमीच्या खोलीत या शब्दाला बंदी होती. नियम तुझाच. जी ‘छान’ म्हणेल तिनं खोली झाडायची, कारण जिनं खरंच ऐकलंय ती नेमकं काय चुकलं ते सांगते. बिचाऱ्या चिमणीनं सलग महिनाभर झाडली होती. त्यामुळे माझा तो शब्द वाचताच तुला सगळं कळलं असणार. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मीही मूग गिळून बसले. मला तुझा हेवा वाटत होता गं. तू एकटी गायला निघालीस, तरी मला स्टुडिओत सोबतीला बोलावलंस, आणि मी गिऱ्हाईक आहे अशी थाप मारली. त्या दिवशी सलूनला सुट्टी होती.

तर त्या दिवशी ती फोडून कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरवर लावली. आता ऐक. पहिलं गाणं तू बस चुकेल अशा घाईत म्हटलंयस. तिसऱ्यात ड्रम एवढे दणदणतात की शब्दच कळत नाहीत. तिथे बटणं फिरवणाऱ्याचे कान पिळायला हवेत. चौथ्यात तू लाडात आलीयस, ते तुझ्या उंचीला शोभत नाही. पण पाचव्याला माझा ब्रश हातातच राहिला. इतकं सुंदर गाणं, आणि कुणी ऐकलंच नाही! त्या न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर माझा.

मग सहावं. धृपद दुसऱ्यांदा येतं, तू थांबतेस आणि चार ठोके नुसताच ताल वाजतो. त्या वेळी पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की इथे रेकॉर्डिंगवाल्याला डुलकी लागली असावी. ते वाचून मी हसले होते. या वेळी हातमोजे रंगानं बरबटलेले असताना त्या चार ठोक्यांत माझ्या तोंडून आपोआप खालचा सूर निघाला. स्टेजवर तू श्वास घ्यायचीस तेव्हा मी डावीकडून भरायचे, तोच. अगदी नेमका बसला. आणि तो संपताच तू परत आलीस, जणू मी शेजारीच उभी होते. बाईंनी दचकून मान वळवली आणि त्यांचा उजवा कान जांभळा झाला. आठवडाभर तसाच होता. रागावल्या नाहीत, पुन्हा लाव म्हणाल्या. मला मात्र त्यांचे केस धुताना धड दिसत नव्हतं. मी रडत होते, लंबू.

आता सलूनमध्ये रोज तेच वाजतं. बाई सहाव्याला बोटानं चार ठोके मोजतात आणि मी उशीर केला तर डोळे वटारतात. इथल्या तिघी गिऱ्हाइकं सीडी मागून बसल्यात, म्हणून मी खोक्यांचं निमित्त काढलं. पण ते निमित्तच. त्या दिवशी स्टुडिओत यायला हवं होतं, ती आता येतेय. रविवारी सकाळीच पोचते. सामान हललेल्या घरात आवाज छान घुमतो. बघ, पुन्हा म्हणाले! तू सहावं म्हण आणि माझी जागा मोकळी सोड. चुकले तर कुठे ते नेमकं सांग. झाडू मात्र पॅक करू नकोस, खोली मला झाडायची आहे.

तुझीच,
डावीकडची