शेताहून उंच नाला

बा, नाल्याचा बांध मी काल वरच्या तोंडाशी फोडला. तुला विचारून करायला हवं होतं, पण तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली.

डोंगरातून नाला आपल्या रानात उतरतो, तिथं तू पहिला दगड ठेवलास तो दिवस मला आठवतो. "पाण्याचे लाड करायचे नाई," तू मला दटावलंस, "बैलावानी दावणीले बांधायचं." मग दर पावसाळ्याआधी तू बांध वाढवतोस. शेजारचे काका हसतात, "काऊन बुवा, नाल्याले महाल बांधून राह्यला का?" तू हसत नाहीस, पुढचा दगड उचलतोस.

तहसीलला तेव्हा उर्दूच शाळा होती, तिथं चार इयत्ता शिकलो, पण नाला कसा वागतो हे कुणी शिकवलं नाही. तू गेल्यावर खळ्यात तिव्यावर, त्या तीन पायांच्या घोडीवर, चढून वाऱ्यात ज्वारी उफणू लागलो, तेव्हा उमगलं. जड दाणा पायाशी पडतो, भुसा लांब जातो. नाल्याचंही तसंच. उतार संपून जोर सरला की धोंडे तोंडाशीच टाकतो, पुढे खडी, मग वाळू, आणि गाळ सर्वांत खाली. वाट भरली की ती सोडून शेजारच्या सखल जागी वळतो, तीही भरतो. सुपासारखी पसरलेली ही आपली जमीन त्यानंच घातली. आपण त्याला वळू दिलं नाही, म्हणून सगळं एकाच वाटेत साचलं. तू बांध चढवलास, तसा तळही चढला. यंदा मी दोरी ताणून पुनःपुन्हा पाहिलं. तळ शेताहून उंच झाला होता, आणि बांधाखाली आपलं घर. पुरात तो घरापाशी फुटला असता तर आई वाचली नसती. म्हणून पाऊस लागायच्या आत त्याला वरूनच जुन्या वाटेनं, तुझ्या कापसाच्या शेतातून, रस्ता दिला. शेतात आता खडी येईल.

"बापानं जन्मभर रचलं, ते तू मोडून राह्यला?" आईनं विचारलं.

"शेत जाईल, आई. घर राहील."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "थो असता त ऐकला नसता."

माझा अंदाज चुकला असेल, ही धास्ती अजून आहे. तुला वाचता येत नव्हतं, तरी शब्द तपासून लिहितो आहे. हा कागद कुठं पाठवणार?

तुझा पहिला दगड मी घरी आणून माठाखाली ठेवला. माठ डुगडुगतो म्हणून आणला, असं आईला सांगितलं. माठ डुगडुगत नव्हता.