मुद्दाम कापलेलं कापड

८ जुलै, मंगळवार

आजपासून मी उभरती बाजारपेठ आहे! असं मुग्धाबाई म्हणाल्या. मी एकटी नाही, सगळा देशच — पण बोलताना बघत माझ्याकडे होत्या.

सिंगापूरच्या कुठल्याशा फंडाच्या त्या इथल्या प्रतिनिधी. मुंबईहून विमानाने नागपूर आणि तिथून टॅक्सीने थेट बुटीबोरीला, आमच्या शेडवर. पायांत पांढरेशुभ्र बूट. एमआयडीसीतला चिखल बघून मला आधी त्या बुटांचीच दया आली. बाई मात्र चांगल्या आहेत, हे कबूल करते. हळू बोलतात, चहा अर्धा टाकत नाहीत. यमुताईंच्या मशीनजवळ स्टूल ओढून बराच वेळ बसल्या. कंपनीचा हिस्सा म्हणजे काय, टक्का म्हणजे काय, एक्कावन्न टक्केवाल्याचाच शब्द शेवटचा का असतो, हे सगळं बायांना समजावून सांगत होत्या. मला वाटलं, टॅक्सी यायला वेळ आहे म्हणून बोलताहेत.

त्यांना आमच्या कंपनीचे एक्कावन्न टक्के हवे आहेत.

कंपनी म्हणजे मी आणि धाकटा भाऊ धम्मदीप, निम्मी-निम्मी. आम्ही भिक्खूंची चीवरं शिवतो. कापड कामठीच्या मागांवरचं, रंगवतो आम्ही, शिवतात आमच्या अकरा बाया. आतापर्यंत माल इथल्या विहारांत नाहीतर बुद्धगया, कुशीनगरला जायचा. यंदा कोलंबोच्या एका घाऊक व्यापाऱ्याने विचारणा केली आहे. हे ऐकून मुग्धाबाई सरसावून बसल्या. भारतातून बौद्ध देशांना चीवर — म्हणे, या संधीकडे अजून कोणाचं लक्षच गेलेलं नाही. आमच्या बाबांचं गेलं होतं हो! गिरणी बंद पडली तेव्हा इंदोऱ्याच्या घरात दोन मशिनी टाकून ते हेच शिवत बसले, आई कापड रंगवायची. तेव्हा कोणी सिंगापूरहून आलं नाही.

धम्मदीपचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुललेला. पण माझ्या सहीशिवाय काही होत नाही, आणि सही मी देणार नाही. मुग्धाबाईंनी सप्टेंबरपर्यंत विचार करायला सांगितलंय. बघा म्हणावं वाट.

१० जुलै

आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. भन्ते आता तीन महिने विहार सोडणार नाहीत. तो संपला की गावोगाव चीवरदान, म्हणजे आमची सुगी. कोलंबोलाही माल तेव्हाच हवा. मोठ्या ऑर्डरला मोठं भांडवल लागतं, असं धम्मदीप जेवताना तीनदा म्हणाला. चुकीचं काही बोलत नाही तो. म्हणून तर जास्त राग येतो!

२२ जुलै

मुग्धाबाई परत आल्या. या खेपेला सोबत उत्पादनातले एक जाणकार साहेब. कटिंगच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि मग विचारलं, की अख्खं कापड घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे जोडून पुन्हा अख्खं कापड करायचं — हे कशासाठी?

मी सांगितलं. चीवर असंच असतं. मगधातली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला सांगितलं, असं शिवता येईल का बघ — मध्ये बांध, बाजूला वाफे. कापड मुद्दाम कापायचं. कापलेल्या कापडाला बाजारात भाव राहत नाही. मग चोर ते नेत नाही आणि अंगावर घेणाऱ्याला त्याचा मोह राहत नाही.

बोलता बोलता माझं मलाच हसू यायला लागलं. ज्याला बाजारात किंमत राहू नये म्हणून कापतात, त्याची किंमत काढायला ही माणसं विमानाने आली होती!

साहेबही हसले. मुग्धाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नुसतं तसं दिसायला हवं, की असायलाच हवं? प्रश्न चांगला होता. असायलाच हवं, असं मी ठणकावून सांगितलं. पण साहेबांकडे बघून त्यांनी मान हलवली, ते मला आवडलं नाही.

२३ जुलै

जोड काढून टाकले तर अकरापैकी चार बाया पुरतील. साहेबांचा हा हिशेब धम्मदीपने मला भाजीची पिशवी ठेवता ठेवता सांगितला!

९ ऑगस्ट

आज कहर झाला.

धम्मदीप एक पार्सल घेऊन आला. उघडलं तर चीवर. हातात घेतलं तर जोडच नाही! अख्खं कापड आणि त्यावर शिलाईच्या रेघा छापलेल्या. टाकेसुद्धा छापलेले, बारीक बारीक. साहेबांनी कुठल्याशा छपाईवाल्याकडून नमुना करून पाठवला होता. धम्मदीप म्हणाला, लांबून कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, लांबून तर माझी नायलॉनची साडीही पैठणी दिसते.

मग जुंपली. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. आमचं भांडण सुरू झालं की ती हेच करते.

"ताई, तुले धंदा करायचाच नाई," तो म्हणाला. "जग कुठं चाललं, अन् तू शिवण मोजत बसली."

मी म्हटलं, जग कुठंही जाऊ दे. छापलेलं चीवर माझ्या शेडमधून बाहेर जाणार नाही. सात बायांना घरी बसवून तर नाहीच नाही. त्या यमुताई बाबांच्या वेळेपासून आहेत. वंदनाने नवरा गेल्यावर या मशीनवर दोन पोरी शिकवल्या. त्यांना काय सांगू — आता तुमचे टाके छापून मिळतात?

तो नमुना गुंडाळून निघून गेला. जाऊ दे. माझा हट्ट बाबांकडून आलाय, त्याचा कुठून आला कोण जाणे.

२१ ऑगस्ट

सिव्हिल लाइन्सच्या एका हॉटेलात गुंतवणूक परिषद. धम्मदीपने हात जोडले म्हणून गेले. एसी इतका की मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. जो उठेल तो सांगत होता, भारत म्हणजे केवढी बाजारपेठ, केवढी तरुण माणसं, जगाचा पैसा आता इकडेच येणार. ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग मुग्धाबाई उभ्या राहिल्या. पडद्यावर फोटो आला. हात होते, सुई होती. मी ते हात लगेच ओळखले. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. यमुताई! आणि खाली तीन शब्द — कुशल, मुबलक, स्वस्त.

मी उभी राहिले. माईक नव्हता, पण माझ्या आवाजाला कधी लागलाय? विचारलं, स्वस्त कोण? त्या म्हणाल्या, इतर देशांच्या तुलनेत म्हणतोय आम्ही. मी म्हटलं, या हातांना नाव आहे. यमुताई मेश्राम. भाजी विकत घेताना आपण स्वस्त-महाग म्हणतो, माणसाला म्हणताना आधी त्याला विचारावं. मागच्या खुर्च्यांतून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदीप बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर आलाच नाही.

मुग्धाबाईंनी फोटो काढून टाकला. नंतर येऊन माफीही मागितली, मनापासून. मेट्रोत जागा मिळाली नाही, पण घरापर्यंत ताठ उभी आले.

२२ ऑगस्ट

डबा खाताना यमुताईंना कालचं सगळं सांगितलं. थोडं रंगवूनच सांगितलं. शेजारच्या मशीनवरची पायल आणि वंदना तोंडाला पदर लावून हसल्या.

यमुताईंनी ऐकलं. डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "बरं केलं बोलल्या तुमी." मग डबा पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "पन स्वस्त तर आहोतच ना आमी, ताई? नगावर काय भेटते आमाले?"

कोलंबोची ऑर्डर आली की मजुरी वाढवणार, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर जाऊन बसल्या. मी यांच्यासाठी भर सभेत भांडून आले आणि यांचं हे! दिवसभर चिडचिड झाली.

४ सप्टेंबर

गाढवा, गाढवा, गाढवा!

धम्मदीपने कोलंबोला नमुने पाठवताना तो छापलेलाही पेटीत घातला होता. दोन्ही बघू द्या, स्वस्तातलं आवडलं तर बरंच, असं त्याच्या डोक्यात. नेमका तोच व्यापाऱ्याने तिथल्या स्थविरांना, म्हणजे विहारातल्या ज्येष्ठ भन्तेंना, दाखवला. आज निरोप आला. स्थविर म्हणाले, ही चादर आहे, चीवर नाही. हे घर बौद्धांचं आहे ना? ऑर्डर थांबली.

बौद्धांचं आहे ना! छप्पन साली आमच्या आजोबांनी नरखेडहून चालत येऊन दीक्षा घेतली, त्यांच्या नातवाला हे विचारलं गेलं. तो शेडच्या पायरीवर बसून रडला. मी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्याला तसं बघून एकही बाहेर आली नाही.

५ सप्टेंबर

कोलंबोला स्वतः फोन केला. माझं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी, दोन्ही सारखंच, त्यामुळे चांगलं जमलं. चूक आमची, असं सरळ सांगितलं. पुन्हा नमुने पाठवते, उलटे करून बघा, एकेक जोड ओढून बघा, म्हटलं.

व्यापारी म्हणाला, पाठवा. पण पसंत पडलं तर सगळा माल वर्षावास संपायच्या आत इथे हवा.

१३ सप्टेंबर

पसंत पडलं!! आता वेळ कुठे आहे? कामठीच्या मागवाल्यांनी कापडाची थानं उधारीवर दिली. बाया रविवारीसुद्धा येऊन राहिल्या. मी आणि धम्मदीप कटिंगला. तो अजून माझ्याकडे बघत नाही, पण कापतो सरळ.

१८ सप्टेंबर

मुग्धाबाईंचा फोन. दोन्ही हातांत कापड, म्हणून स्पीकरवर घेतला.

फंडाचा शेवटचा निरोप होता. चीवरं परंपरा म्हणून थोडी ठेवू. मुख्य धंदा शाली आणि योगाच्या कपड्यांचा, त्यावर चीवराच्या रेघा छापायच्या. परदेशात चांगलं चालेल. आमचं नाव, आमची गोष्ट, त्यांचा पैसा. एक्कावन्न टक्के, नाहीतर ते माघार घेणार.

मशिनी एकेक करून थांबल्या. धम्मदीपने कात्री खाली ठेवली. मला म्हणाला, "तू म्हनशीन तसं."

मी म्हटलं, नाही. माझ्या अकरा बायांच्या वतीने सांगते — नाही!

मग मुग्धाबाईंनी विचारलं, "त्यांना विचारलंत का हो?"

विचारायचं काय त्यात, मी म्हटलं आणि ठेवला फोन. असं मोकळं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. सिंगापूरला नाही म्हटलं मी, बुटीबोरीच्या शेडमधून!

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन, दीक्षाभूमी. गर्दीत चालून चालून पाय सुजले. माल तीन दिवसांपूर्वी रवाना झालाय. आई दिवसभर आमच्या चीवरांच्या स्टॉलवर बसून होती. धम्मदीपने मला न विचारता उसाचा रस आणून दिला. म्हणजे मिटलं.

७ ऑक्टोबर

वर्षावास संपला. कोलंबोहून फोटो आला, आमची चीवरं अंगावर घेतलेले भिक्खू. पुढच्या वर्षीची ऑर्डर पक्की, याहून मोठी! फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. पेढे वाटले. मजुरी वाढवल्याचंही सांगून टाकलं. कोणी फार खूश झाल्यासारखं दिसलं नाही. थकल्या असतील.

९ ऑक्टोबर

सकाळी शेडवर गेले तर मशिनी बंद. अकराही जणी कटिंगच्या टेबलाभोवती बसलेल्या. मला वाटलं, कोणी गेलं की काय. यमुताईंनी स्टूल पुढे केलं.

मजुरीचं नाही, म्हणाल्या. मुग्धाबाईंनी पहिल्याच दिवशी टक्क्याचं समजावलं होतं, तेव्हापासून त्यांचं आपसात बोलणं चाललंय. मला काही पत्ताच नाही! मी म्हटलं, अहो, पण मी तुमच्यासाठीच तर त्यांना नाही म्हटलं.

"आमच्या नावानं म्हनलं," यमुताई म्हणाल्या. "आमाले विचारून नाई. तुमी नाई म्हनलं त्याचं वाईट नाई वाटत, ताई. आमीबी नाईच म्हनलं असतं. पन ज्यायच्या नावानं तुमी नाई म्हनलं, त्यायचा हिस्सा कुठं हाये कंपनीत?"

मी धम्मदीपकडे पाहिलं. तो म्हणाला, यात चुकीचं काय आहे? आज त्याला बोलायला बरं सुचतं!

मी तडक घरी आले. ही कंपनी माझ्या बाबांनी उभी केली. सगळं जग विरोधात गेलं तरी मी ती राखली. आणि आता माझ्याच शेडमध्ये मला स्टूल देऊन बसवतात! खूप राग आला. जेवले नाही. आईने विचारलं, बाबांच्या वेळेला दुसऱ्या मशीनवर कोण बसायचं, आठवते का? आठवतं. यमुताई.

१० ऑक्टोबर

आज गेले आणि टेबलाशी बसले. पाणी प्यायले. दहा टक्के देते, म्हणाले.

यमुताईंनी एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. मग मला म्हणाल्या, "एक्कावन."