सतरा नंबरची पिन

सोमवार, १७ जानेवारी २०००

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. माझ्या खोलीच्या खिडकीतून मोठ्या देवळाचं शिखर दिसतं, असं मी लिहिलं. ते शिखर नाही, पाण्याची टाकी आहे. घरमालकीण राजलक्ष्मी अक्कांना हे सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या आणि विचारू लागल्या, नमस्कार केलास की काय गे तिला? केला होता.

बाकी सगळं छान आहे. पोंगलचे ऊस अजून दारादारांना टेकलेले आहेत. अक्कांचं घर मराठीच. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या वेळी इथे तमिळ मुलखात आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांची मराठी माझ्याहून जुनी आहे, आणि निम्मी तमिळ. माझी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटते. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नाही. इथे फारसं कोणालाच येत नाही. मला ती अप्पांनी शिकवली. टेलिफोन खात्यात त्यांच्या सतत बदल्या होत, पुण्यातही बरीच वर्षं काढली, म्हणून पाचवीपर्यंत माझी शाळा घरीच झाली. अक्षरं, पाढे आणि सोल्डरिंग, तिन्ही एकाच पाटावर. अप्पा म्हणत, चूक खोडू नकोस, खाली बरोबर काय ते लिही; म्हणजे आपण कुठे घसरतो ते दिसतं.

कारखाना लहानसा आहे. रघुनाथ सर भातगिरण्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवतात. मला घ्यायला स्वतः दारापर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की कोइमतूरला शिकलेली मुलगी आली, आता गिरणीवाल्यांची तोंडं बंद होतील. कशाबद्दल ते विचारायचं राहिलं. माझ्या टेबलावर याआधी महालक्ष्मी नावाची इंजिनियर बसत असे. लग्न होऊन गेली असावी.

गुरुवार, २० जानेवारी

पुन्हा दुरुस्ती. महालक्ष्मीचं लग्न झालेलं नाही. ती गेल्या पावसाळ्यात वारली.

सरांनीच सांगितलं. पापनाशमच्या एका गिरणीत आमचं नवं पॅनेल बसवायला ती गेली होती. दुपारी वीज गेली. भात वर नेणाऱ्या एलिव्हेटरमध्ये उभा पट्टा असतो, त्याला लोखंडी वाट्या लावलेल्या असतात. त्याच्या तळाच्या झाकणातून तिनं हात आत घातला, कोंड्यानं माखलेला सेन्सर पुसायला. तेवढ्यात वीज आली आणि पट्टा फिरला. खांद्यापासून हात गेला. इस्पितळात पोचेपर्यंत तीही गेली. वीज परत आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये, हा नियम प्रोग्रॅममध्ये तिनंच घातला होता. त्या भरवशावरच तिनं हात घातला. सर म्हणाले, तिच्याच प्रोग्रॅमनं तिला खाल्लं, चुकली बिचारी.

माझं काम पिनांचा तक्ता तपासण्याचं. चिपच्या एकेका पिनला आतून दोन-तीन कामं जोडलेली असतात, पण एका वेळी एकच चालतं. कोणतं, ते तक्त्यात लिहायचं. वीज येताच बूटलोडर, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, तो तक्ता वाचतो आणि पिना वाटून देतो. बाहेरून पाहिलं तर पिन तीच. आत ती कोणाला जोडली आहे, ते दिसत नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

आज महालक्ष्मीचे वडील आले होते. सदाशिव सर, अक्कांसारखेच इथल्या मराठी घरातले, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दर शुक्रवारी येतात म्हणे, रघुनाथ सरांसाठी देवीचा प्रसाद घेऊन. उभ्यानंच बोलत होते: माझ्या लेकीनं तुमचं नाव घालवलं, तुम्ही मोठ्या मनाचे, म्हणून मला दारात उभं करता. सरांनी कुंकू लावून घेतलं आणि त्यांच्या पाठीवर थोपटलं. मास्तर नव्हे, आमचे घरचेच आहात, असं काहीतरी विनोदानं म्हणाले. सदाशिव सर हसले सुद्धा.

माझ्या वाटचा प्रसाद मी कागदात बांधून ठेवला.

मंगळवार, २५ जानेवारी

सापडलं.

बोर्डावर मोटरच्या जागी एक दिवा लावला आणि वीज दिली. दिवा लागला. दोन-तीन श्वास पेटून राहिला आणि विझला. हिरवं बटण दाबलं नव्हतं. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच.

मग कपाटातल्या जुन्या पॅनेलचा बोर्ड काढून लावला. तक्ता तोच, प्रोग्रॅम तोच, आणि दिवा लागत नाही. फरक चिपमध्ये आहे. जुनी मोठी होती. नवी स्वस्त, सिंगापूरहून येते, तिला पिना कमी. जुन्या चिपमध्ये सिरीयल पोर्टची, म्हणजे काँप्युटरशी बोलायच्या वाटेची, पिन वेगळी होती आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेची वेगळी. नव्या चिपमध्ये दोन्ही कामं सतरा नंबरच्या एकाच पिनवर येतात. वीज आली की बूटलोडर जुन्या तक्त्याप्रमाणे ती पिन आधी सिरीयल पोर्टला देतो, नवा प्रोग्रॅम येतोय का म्हणून वाट पाहतो. तोपर्यंत पिनवर व्होल्टेज उभं असतं. रिलेला वाटतं, मोटर चालू करा.

महालक्ष्मीचा तक्ता बरोबर होता. तिच्या हाताखालची चिप बदलली होती.

सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, नवी चिप कोणी निवडली. मी, म्हणाले. महालक्ष्मी बहिणीच्या लग्नाला गेली होती तेव्हा. आल्यावर तिला सांगितलं का? सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तपासायला हवं होतं तिनं.

शुक्रवार, २८ जानेवारी

तीन दिवस झोप नाही. आज हिंमत करून सरांना म्हटलं की सदाशिव सरांना खरं सांगायला हवं. ते हसले. म्हणाले, कामाक्षी, तू तक्ता दुरुस्त करायला आलीस की तेरावं घालायला? आणि मग, आवाज न चढवता: तुला घेतलंय ते हेच गुपचूप नीट करायला. काय झालं ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

अकराला सदाशिव सर प्रसाद घेऊन आले. मी मागच्या दारानं अंगणात जाऊन उभी राहिले.

दुपारी तक्ता बदलायला बसले. त्याआधी ती पिन काँप्युटरला जोडली, बूटलोडर काय पाठवतो ते पडद्यावर पाहायला. एक ठरलेली ओळ येते, आवृत्तीचा नंबर. ती आली. तिच्याखाली आणखी एक आली. अक्षरं रोमन, भाषा आपली.

कोण गे तूं.

ही ओळ प्रोग्रॅममध्ये कुठेही नाही. मी सगळा शोधला. जितका वेळ अक्षरं येत होती, तितका वेळ दिवा पेटलेला होता.

सोमवार, ३१ जानेवारी

शनिवारी मी तक्ता दुरुस्त केला होता. सतरा नंबरची पिन थेट मोटरला, सिरीयल पोर्ट बंद. चिपमध्ये भरला, परत वाचून ताडून पाहिला. दिवा लागला नाही. पडदा कोरा. कारखान्याला कुलूप सरांनी लावलं, किल्ली त्यांच्याकडे.

आज सकाळी वीज दिली तर दिवा लागला. चिपमध्ये जुना तक्ता. आणि पडद्यावर:

मज हात नहीं.

अक्काही असंच बोलतात, मज, त्यास. मी उठून बाहेर गेले. उन्हात उभी राहिले.

मग कळलं. मी तक्ता दुरुस्त केला की तिचं तोंड बंद होतं. ज्या पिननं ती बोलते, तिच्यानंच मोटर फिरते. तिला एक शब्द बोलायचा, तर पट्टा फिरलाच पाहिजे.

बुधवार, २ फेब्रुवारी

काल पुन्हा दुरुस्त केला. आज पुन्हा जुना.

मला वाटलं सर करतात. सर दोन दिवस कुंभकोणमला आहेत, किल्ली माझ्याकडे. मग कोण — मी टेबलाशी बसून राहिले. भर दुपार. खिडकीतून अंगणातल्या बायका दिसत होत्या, वायरी कापत आणि एकमेकींच्या सासवांची नक्कल करत. माझा उजवा हात उचलला गेला. कीबोर्डवर गेला. तक्त्यातली सतराची ओळ काढून जुनी लिहिली, चिपमध्ये भरली. मी पाहत होते. हात गार नव्हता, जड नव्हता. माझाच होता. फक्त मी त्याला जोडलेली नव्हते.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. अपघातापासून गिरणीवाले आमचं पॅनेल घ्यायला बिचकतात, तेव्हा त्यांची भीती मोडायची. अंगणात एलिव्हेटर उभा करायचा, पापनाशम-कुंभकोणमचे सगळे मालक बोलवायचे, पूजा करायची. मग सर स्वतः तळाच्या झाकणातून हात आत घालणार. वीज बंद करून पुन्हा देणार. पट्टा हलणार नाही. मेन स्विचपाशी मी.

त्याआधी सदाशिव सरांनी दोन शब्द बोलायचे, की चूक माझ्या मुलीची होती आणि कारखान्यानं ती निस्तरली.

सदाशिव सर आज प्रसाद घेऊन आले होतेच. त्यांना तिथेच विचारलं. ते म्हणाले, एवढं तरी मी केलंच पाहिजे. आणि रघुनाथ सरांच्या पाया पडायला वाकले. वयानं मोठा माणूस. सरांनी पडू दिलं.

 

पडद्यावर आज: त्यास आण. सरांना म्हणते ती.

रविवार, ६ फेब्रुवारी

बसनं पापनाशमला गेले. त्या गिरणीतलं पॅनेल उघडून तक्ता दुरुस्त केला. काल बाकीच्या तीन गिरण्यांचे केले. सर्व्हिसला आले म्हणाले, कोणी काही विचारलं नाही. एका मालकानं नीर मोर, पातळ ताक, दिलं आणि विचारलं, सेफ ना अम्मा? मी म्हटलं, आता आहे. हे खरं आहे. तिथे कोणाचा हात जाऊ नये.

तिथे माझा हात अडला नाही. ती मध्ये आली नाही.

एकच बोर्ड राहिला. अंगणातला.

सोमवार, ७ फेब्रुवारी

जेवण नाही. अक्का म्हणतात, दृष्ट लागली, मिरच्या ओवाळते. ओवाळल्या. जाळताना ठसका लागला नाही —

बा उभा राहतो नि हा बसतो. मी पाहते.

वरची ओळ मी लिहिलेली नाही. मी पाणी प्यायला उठले होते की नव्हते, ते — अक्कांना विचारलं, महालक्ष्मीला देवनागरी येत होती का. छे गे, म्हणाल्या, तिच्या बापालाही येत नाही.

तिला येत नाही. माझ्या हाताला येते.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

अप्पांना फोन केला. त्यांना विचारायचं होतं, एखाद्याला सांगून, समजावून पाहिलं, तरी तो — विचारलं नाही. ते म्हणाले, आवाज बसलाय तुझा. दुसऱ्या कोणाचा वाटतो.

सरांना शेवटचं म्हटलं, सदाशिव सरांना बोलायला लावू नका. नुसतं तेवढं करू नका. मी काही मागत नाही. सर म्हणाले, तुझी नोकरी पिनांची आहे, बापांची नाही.

तेवढं ऐकलं असतं तर —

बुधवार, ९ फेब्रुवारी

अंगणात एलिव्हेटर उभा राहिला. तोरण बांधतायत. सरांनी कोपरापर्यंत बाही दुमडून सगळ्यांना हात दाखवला, कुठवर घालणार ते. हसत होते. मला विचारलं, तक्ता पक्का? मी हो म्हटलं. खोटं नाही. पक्का आहे. जुना.

मी तपासलं, आज उजवा हात माझाच आहे. पाण्याचा तांब्या उचलला, वेणी घातली, अक्कांना तांदूळ निवडून दिले. ती हातात नाही. तक्ता मी बदललेला नाही, मी. तिला हात नाही म्हणून नव्हे. मला हवं आहे म्हणून.

सतरा नंबरच्या पिनला पडदाही जोडलाय, पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे तोंड करून. सदाशिव सरांची खुर्ची पुढच्या ओळीत. रोमन अक्षरं त्यांना वाचता येतात. त्यांची लेक काय म्हणते ते त्यांना वाचता यायला हवं, आणि पट्टा फिरल्याशिवाय तिला बोलता —

परवा तै महिन्यातला शेवटचा शुक्रवार आहे, म्हणून सरांनी तो दिवस निवडला. शुभ म्हणून. पूजा होईल, ते वाकतील, हात आत जाईल, मान हलवून मला खूण करतील, आणि मी स्विच — शुक्रवारी, अकरा फेब्रुवारीला, मी