धरलेली जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज सोलापूरला आले. एक पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी आणि ही वही. विजापूर वेशीत कमरबींच्या घरामागची खोली मिळाली आहे. खोली केवढी, तर मी आडवी झाले की डोकं भिंतीला आणि पाय दाराला. पण दाराला आतून कडी आहे आणि ती कडी लावायची की नाही हे मी ठरवणार. अकलूजला भावाच्या घरात दोन वर्षं कपाट आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीत झोपले. पायलचे वडील निघून गेल्यापासून मी आणि पायल त्या पट्टीतच. वहिनी वाईट नाही. आम्ही दोघी दिसलो की तिला आपलं घर लहान वाटायचं, एवढंच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे, तिथे मशीनवर काम लागलंय. सुपरवायझर उदयसिंह म्हणाले, मार्चअखेर कायम करून टाकू. एकदा कायम झाले की पायलला इथे आणायचं आणि जूनमध्ये पहिलीत घालायचं. तोवर ती आईजवळ. निघताना रडली नाही. उलट विचारलं, तिथं माझी उशी कुठं ठेवशील? मी सांगितलं, माझ्या उशीला लागून.

कमरबींनी आल्या आल्या चहा दिला. नवरा कुठे, काय करतो, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, पानी आया तो भरके रख बेटी, इधर का पानी लई नखरे करता. मला बाई आवडली. रात्रीच्या जेवणाला शेंगाचटणी आणि भाकरी होती, तीही त्यांनीच दिली. आज मी खूश आहे. असं वाक्य लिहून बरेच दिवस झाले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम जमतंय. शर्टाच्या कॉलरी माझ्याकडे आहेत. खिडकीजवळचं मशीन मिळालं. स्टूल डुगडुगत होतं, पायाखाली पुठ्ठा घालून नीट केलं.

नाकी नऊ आणते ती सिटी बस. ती येते कधी हे तिचं तिला ठाऊक. येते तेव्हा आधीच भरून येते आणि वेशीतला थांबा ओलांडून दहा पावलं पुढे जाऊन उभी राहते, म्हणजे म्हातारी माणसं पळताना बघायला मिळावीत. आत शिरलं की एका हातात डबा, एका हातात वरची दांडी आणि पाय दुसऱ्याच कुणाच्या तरी पायावर. गर्दीचा फायदा घेणारे हात वेगळेच. एकाच्या पायावर आज चप्पल अशी दाबली की अशोक चौकापर्यंत तो देवाचं नाव घेत असणार.

एक गोष्ट मात्र शिकले. बाहेर उभं असताना प्रत्येकाला बस थांबायला हवी असते. तोच माणूस आत शिरला की ओरडतो, चला, चला, आता जागा न्हाय. आज मीही ओरडले. चार दिवसांत सोलापूरकर झाले.

कारखान्यातल्या गिरिजाबाई याच बसला असतात. काजं-बटणं करतात. पन्नाशीच्या पुढच्या, पाय घोट्यापासून सुजलेले. त्या रोज उभ्याने येतात आणि त्यांच्या समोरची खिडकीजवळची एक जागा रोज रिकामी असते. त्या जागेवर पिवळा नॅपकिन पसरलेला असतो. हिरव्या काठाचा, इथे दुकानांतून ढिगाने मिळतो तसा.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं मला नवं नाही. अकलूज स्टँडवर मी पिशवी टाकली आहे, ओढणी टाकली आहे, एकदा तर पायातली चप्पल. पण ज्याने रुमाल टाकला तो मागून धापा टाकत येतो तरी. इथे कुणीच येत नाही. बस एमआयडीसीत रिकामी होते, तरी नॅपकिन तिथेच. गिरिजाबाईंना विचारलं, कुणाची जागा आहे? म्हणाल्या, धरल्याली हाय. कुणासाठी? येनार हाय ती. कोण ती? तर म्हणाल्या, मला काय ठावं. मी लागले कामाला तवापासनं हाय. धरल्याल्या जागंवर बसू ने, एवढंच बघायचं.

बसभर माणसं कोंबलेली आणि एका फडक्यासाठी बाकाची अर्धी बाजू मोकळी. हसावं की रडावं कळेना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज बसले.

पाळीचा दुसरा दिवस होता, कंबर तुटत होती. उभी राहून राहून डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकांवर बसलेल्या एकानेही मान वर केली नाही. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी दिसलं. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की मी तो नॅपकिन दोन बोटांनी उचलला, समोरच्या दांडीवर टाकला आणि बसले.

आता मात्र सगळ्यांनी मान वर केली. गिरिजाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि गर्दीतून वाट काढत मागे निघून गेल्या.

जागा गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस बसून जातेय. कुणी उठवत नाही, कुणी धक्का मारत नाही, शेजारच्या जागेवर तर कुणी बसतच नाही. राणीसारखं चाललंय. कंडक्टर तिकीट विचारायला येत नाही, मीच हाक मारून घेते. आज दोनदा हाक मारावी लागली.

गिरिजाबाई बोलायच्या बंद झाल्या. होऊ देत. सुजल्या पायांनी वर्षानुवर्षं एका फडक्यापुढे उभ्या राहिल्या, त्यात माझा काय दोष? मला तर त्यांचीच कीव येते.

रोज सकाळी नॅपकिन पुन्हा जागेवर पसरलेला असतो. आज वैतागून खिडकीतून बाहेर फेकला. ओलसर होता. वास साधाच, घामाचा.

संध्याकाळी नवी पेठेतून पायलसाठी फ्रॉक घेतला. फोनवर तिला रंग सांगितला नाही. चिडली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज बसमध्ये ती जागा मोकळी होती. वर काही नव्हतं. जिंकले म्हणत बसले.

कारखान्यात आले तर नॅपकिन माझ्या स्टुलावर. तोच, हिरव्या काठाचा, चारी कोपरे ओढून नीट पसरलेला. गिरिजाबाईंचा खोडसाळपणा, दुसरं काय. मी तो उचलून चिंध्यांच्या पोत्यात टाकला आणि कामाला लागले. दुपारी जेवून आले तर परत तिथेच.

मग मात्र गिरिजाबाईंना चारचौघींत विचारलं. त्यांनी बटणांवरची नजरसुद्धा वर केली नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, तू तिची घेतलीस की गं. आता ती कुटं बसंल?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उदयसिंहांनी मला मशीन सोडून धागे कापायला बसवलं. जमिनीवर. मी म्हटलं, ते मशीन माझं आहे, साहेब. ते म्हणाले, ती जागा धरलेली आहे हो, बाई येणार आहेत. मी म्हटलं, कोण बाई? मीच ती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्ही नवीन आलात का?

हा माणूस रोज मला विजयमाला म्हणून हाक मारत होता. माझ्या कॉलरींचं कौतुक करत होता. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. थट्टा असती तर बरं झालं असतं.

दिवसभर माझं मशीन रिकामं होतं. जाता-येता बायका वळसा घालून जात होत्या, पण नॅपकिनला कुणी हात लावला नाही. माणसाला इंचभर जागा देत नाहीत, फडक्याला देतात.

४ मार्च, मंगळवार

कमरबींचे रोजे सुरू झाले. सकाळी मी निघताना त्या पडूनच होत्या. संध्याकाळी आले तर खोलीला बाहेरून कुलूप. पिशवीत फक्त फोन आणि ही वही, डबा कारखान्यातच विसरलेला. खिडकीच्या गजातून पाहिलं. माझी गादी अंथरलेली, आणि उशीवर तो.

कमरबी आल्या. मला म्हणाल्या, कौन होना? मी म्हटलं, मी, खालाजान, मी. त्या म्हणाल्या, खोली दे दी मैं. वो आने की है. बहोत गरीब बच्ची है, उसकी छोटी बेटी बी आने की है बाद में.

माझीच गोष्ट सांगत होत्या. मलाच.

मग रोजा सोडायची वेळ झाली म्हणून मला दोन खजूर दिले. वाटसरूला द्यावेत तसे. मी तिथेच पायरीवर बसून खाल्ले आणि खूप रडले.

५ मार्च, बुधवार

रात्र स्टँडवर काढली. सकाळी वेशीत उभी राहिले. बसला हात केला. थांबली नाही. मी पळाले, पत्र्यावर हात आपटला. आतून आवाज आला, चला, चला, जागा न्हाय. गिरिजाबाईंचा आवाज.

चालत गेले एमआयडीसीपर्यंत. उन्हाने डोकं फुटायची वेळ. गेटवर आत सोडलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज बस हळू झाली होती सिग्नलला. त्या खिडकीत कुणीतरी बसलेलं. तोंड पलीकडे. मांडीवर डबा — माझा डबा. कडीला मी गुंडाळलेला लाल दोरा. गिरिजाबाई शेजारी बसलेल्या. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. हसत होत्या. म्हणाल्या, विजयमाला, तुजी पोरगी कधी येनार गं?

तिने काय सांगितलं ऐकू आलं नाही. बस गेली.

जागा घे. मशीन घे. खोली घे. पण हा प्रश्न तिला का विचारला?

७ मार्च, शुक्रवार

माझा फोन कुणाला लागत नाही. रसवंतीवाल्याचा मागून घेतला. आईने उचलला. मी म्हटलं, आई, मी माला. ती म्हणाली, अगं आत्ताच तर ठिवलास की फोन. रविवारी येती म्हनलीस पायलला न्यायला. फ्रॉक आनती म्हनलीस.

मी ओरडले, नको, तिला पाठवू नकोस, ती मी नव्हे. आई परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, कोण बोलतंय? नंबर चुकलाय जणू तुमचा.

मागून पायलचा आवाज येत होता. गाणं म्हणत होती.

८ मार्च, शनिवार

हात केला तर गाडी थांबत नाही. मग स्टँडवर, अकलूजच्या उभ्या गाडीत शिरले. जागा सगळ्या भरलेल्या, म्हणजे — रिकाम्या आणि धरलेल्या. पंढरपूरपर्यंत दाराशी उभी. तिथे कुणीतरी ढकललं, उतरावं लागलं. माझ्या अंगाला कुणाचं अंग लागलं की माणसं दचकत नाहीत. बाजूलाही होत नाहीत. आरपार —

नाही. आरपार नाही. दुखतं मला. मी आहे.

तिच्याआधी पोचायचं.

९ मार्च, रविवार

पोचले. अकलूज स्टँड. ती अजून आलेली नाही.

आई आणि पायल समोरच्या बाकावर. पायलची वेणी घट्ट घातलीय, पायात नवे बूट. मी धावत गेले. पायल, मी म्हटलं, बाळा. ती आजीच्या मागे झाली. आईने विचारलं, कोन हो ताई तुमी? मी सगळं सांगितलं, पायलच्या मानेवरचा तीळ, तिचे जन्मताना निळे पडलेले ओठ, आईची तंबाखूची डबी कुठे असते ते. आईचे डोळे भरून आले. मला वाटलं, ओळखलं. तर कनवटीचे दहा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले.

मी पायलशेजारी बसायला गेले. तिने पिशवीतून पिवळा नॅपकिन काढला. माझ्यासमोर बाकावर पसरला. कोपरे ओढले. हाताने दाबला. म्हणाली, हितं बसू नका, मावशी. माज्या आईसाठी धरलीया.

माझ्या पोरीने. स्वतःच्या हाताने.

मी आता पलीकडच्या बाकावर. लिहितेय म्हणून तरी —

तो उचलून फेकायचा. एवढंच करायचंय. एकदा केलं होतं. उठताच येत नाही. ती इतकी आनंदात आहे. दर गाडीला उभी राहते, पाटी वाचते, अक्षर जुळवत.

सोलापूरची गाडी वळली.

पायलने वाचली पाटी. सो — ला — टाळ्या वाजवतेय. आई म्हणतेय सावकाश, पळू नगस. दार उघडलं. माणसं उतरताहेत. एक बाई. हातात फ्रॉकची पिशवी, नवी पेठेतल्या दुकानाची. तोंड अजून —

पायल पळाली. तिच्या आणि त्या दाराच्या मध्ये अजून जागा आहे, मी तिथे जाऊन उभी राहू शक