सडक्या तळाची बोट

रविवार, मार्चअखेर. संध्याकाळ.

आज मोर्शीजवळच्या धरणावर जाऊन ह्यांना विकत घ्यायची आहे ती जुनी मोटरबोट पाहिली. मी तर नको म्हणायलाच गेले होते. लकवा झाल्यापासून ह्यांचा उजवा हात चालत नाही. बोट घेऊन करायचं काय? नोकरीभर धरणावर सरकारी लाँच चालवली, एवढं कारण पुरतं का?

मासेमारी करणाऱ्या प्रल्हादभाऊंनी आपली बोट काठावर ओढून ठेवली होती. ह्यांनी डावा हात इंजिनवर ठेवला आणि मला म्हणाले, "दोरी वढ."

ओढली. काहीच नाही.

"अशी नाई, झटका दे. मी हाओ ना!"

लकव्यानंतर इतक्या जोरात ते पहिल्यांदाच बोलले. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं, धूर सोडला, बंद पडलं. ह्यांचा डावा हात तिथंच, इंजिनवर.

मग वाकून त्यांनी तळाच्या फळ्या दाबून पाहिल्या आणि स्वतःच म्हणाले, "तळ सडला. नाई घ्याची."

राजापेठेत घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. तो डावा हात छातीशी धरून.

माझ्या मनासारखं झालं ना? मग घास का उतरेना?

आत्ताच प्रल्हादभाऊंना फोन केला, बोट घेतो म्हणून.

"पन वहिनी, भाऊ तर नाई म्हनले."

"तळ नवा बसवू. हे सांगतीन, मी ठोकीन."

आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "लोखंडी खिळे नोको म्हना. तांब्याचेच पायजे."