दोन किलोंची पैज

१४ मार्च

प्रिय ताई,

तीन महिने तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. डायलिसिसला तुमची खाट ह्यांच्या शेजारी असायची. दोन खेपांच्या मधे अंगात पाणी साठून वाढणारं वजन दोन किलोंच्या आत ठेवायचं आणि त्यातही कुणाचं कमी, यावर तुमची पैज लागायची. "माझं दीडच किलो! हरलात भाऊ," असं तुम्ही ओरडायचात आणि हे खो खो हसायचे. घरी मी पाणी मोजून दिलं की मात्र म्हणायचे, "आली जेलर."

तुम्ही त्यांना भाऊ म्हणायचात, तरी माझ्या पोटात दुखायचं. तीन महिन्यांपूर्वी ह्यांचे डायलिसिसचे वार बदलले ते दवाखान्याने नाही, मी. 'मंगळवार, गुरुवार, शनिवार सोयीचे पडतील,' असं सिस्टरना सांगितलं. सोय फक्त माझ्या पोटदुखीची होती.

काल वजनकाट्यावर साडेचार किलो जास्त भरले. धाप लागली होती, पाय सुजले होते. मी रागावले, तर म्हणाले, "आता कुणाला हरवायचंय?"

मी समोरच उभी होते, ताई. आणि खरं लिहायचं तर, त्या क्षणी त्यांच्या श्वासाची काळजी वाटण्याआधी मला तुमचाच राग आला.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही हसून माफ कराल, आणि मग हे का हसायचे ते मला कळेल.

तुमच्या भाऊंची,
जेलर

उद्या: सिस्टरना फोन करून ह्यांचे जुने वार परत मागणे.